एल्लम्मा कुठल्या अक्षरात?

२०२१ चा एप्रिल, दुसरी लाट. आमच्या दवाखान्याच्या दाराशी एक बाई दुपारी दोनपासून ताटकळत होती. सोलापूरच्या पूर्व भागातली, विड्या वळणारी. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. "काल रात्री माझ्या आईला इथंच ॲडमिट केलंय, कुठंय ते तेवढं सांगा की ओ." काउंटरवरच्या पोरानं नाव विचारलं. एल्लम्मा. त्यानं टाइप केलं, वरखाली बघितलं आणि मान हलवली. या नावाचं कोणी नाही, सिव्हिलला पाठवलं असेल, तिकडं विचारा. ती सिव्हिलला गेली. तिथल्या गर्दीत दोन तास घालवून परत आली. मी ड्यूटी संपवून, पीपीई उतरवून खाली आले तेव्हा पायरीवर बसून होती, आणि रडायचंही थांबली होती.

तिची आई तिसऱ्या मजल्यावर चौदा नंबरच्या कॉटवर होती. अर्ध्या तासापूर्वी मीच तिचं ऑक्सिजन बघितलं होतं. झालं होतं एवढंच की रात्रपाळीच्या पोरानं नाव घातलं होतं यल्लम्मा, इंग्रजी वायपासून. लेक म्हणाली एल्लम्मा, दुपारच्या पोरानं ईपासून शोधलं. दोघांचंही चुकलं नव्हतं. (नाव मी बदललंय, अक्षरांची भानगड तीच आहे.) आई पुढे बरी होऊन घरी गेली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहील.

माझा मात्र जीव त्या अक्षरात अडकला तो अडकलाच.

मी जीएनएम नर्स, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. बी.ए. नंतर मुक्त विद्यापीठातून केलं, नोकरी करत. वॉर्डात अकरा वर्षं काढली, मग कमरेनं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पेशंट उचलणं बंद. दवाखान्यानं काढून टाकलं नाही, हे उपकारच. मला एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तळघर, लोखंडी रॅक, सुतळीनं बांधलेले इनडोअर पेपरचे गठ्ठे आणि एक टेबलफॅन. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेपर तीन वर्षं जपायचे आणि पेशंटनं मागितले की ७२ तासांत द्यायचे. आमच्याकडे तर वीस वर्षांचे जुने गठ्ठेही होते, टाकायची हिंमत कोणाला होत नव्हती म्हणून. मागणी आली की शोधाशोध, आणि तिथं पुन्हा तेच. एकाच माणसाच्या तीन फायली, तीन नंबर, तीन स्पेलिंगं. एकीवर लाल शाईत 'पेनिसिलिन ॲलर्जी', बाकी दोन कोऱ्या. वॉर्डात असताना अशी कोरी फाइल माझ्या हातात किती वेळा आली असेल, याचा विचार मी फार करत नाही.

हेल्थ इन्फर्मॅटिक्स हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. क्लेमचं काम बघणाऱ्या एका मुलाकडून. अशा नावाचा डिप्लोमा आहे, घरबसल्या करता येतो, पदवी लागते. सासूबाईंनी विचारलं, "आता कसलं शिकू लालीस?" दवाखान्यातल्या माहितीचं, म्हटलं. त्या म्हणाल्या, "माहिती आहे तर शिकायची कशाला?" यावर आजतागायत मला उत्तर सुचलेलं नाही.

प्रवेश घेण्याआधी मी एक शहाणपणा केला. संस्थेला दूरशिक्षणाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघितलं. पहिल्या दोन संस्था तिथंच गळाल्या, एकीचा माणूस तर रोज फोन करून 'शेवटचे चार सीट' सांगत होता. तिसरी मिळाली. आता कोणी माझ्यामागे यायचं म्हणत असेल तर सावध करते. २०२१ च्या आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट आणि इन्फर्मॅटिक्स हा गट आहे, आणि त्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणानं चालवायला यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली. मी २०२२ च्या जुलैत शिरले आणि वेळेत सुटले. तुम्ही फी भरण्याआधी नीट चौकशी करा.

वर्षाचा अभ्यासक्रम मला दोन वर्षं पुरला. त्यात माझा आळस थोडा, आणि पाणी फार. सोलापूरकरांना सांगायला नको. चार-पाच दिवसांआड नळ येतो, ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातलं कोणीही दुसरं काही करत नाही. मी अभ्यासाचं वेळापत्रकच पाण्याच्या पाळीवर लावलं होतं. पाण्याच्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी डेटाबेस. लेक दहावीला होती. जेवणं झाली की टेबलाच्या एका बाजूला तिचं भूमिती, दुसऱ्या बाजूला माझे कोड. ती म्हणायची, आई तुझं सोपं आहे, पुस्तकात बघून लिहायचं. खरंच होतं ते. पण पुस्तक केवढं!

ते पुस्तक म्हणजे आयसीडी, रोगांचं जागतिक वर्गीकरण, प्रत्येक रोगाला एक कोड. त्याची मुळं १८९३ च्या बर्टिलॉनच्या मृत्युकारणांच्या यादीत. दहावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेनं १९९० मध्ये मान्य केली, अकरावी २०२२ पासून लागू झाली. आम्हाला शिकवली दहावीच, कारण कामात तीच. टाइप टू मधुमेह ई ११, रक्तदाब आय १०, कीटकनाशकांची विषबाधा टी ६०. पहिले काही आठवडे मी माणसांना कोडमध्येच बघत होते. रिक्षावाला खोकला की आर ०५. मग एक खेळ सुरू केला. आमचे पेशंट काउंटरवर जे बोलतात त्याला कोड शोधायचा. 'हातापायाला मुंग्या' सापडलं, आर २०.२. 'कसकस' मात्र दोन दिवस छळत होती. ताप नाही, दुखणं नाही, थकवाही नाही, पण अंगात काहीतरी आहे. शेवटी आर ५३ मध्ये, मलूलपणा नि थकव्याच्या डब्यात, तिला बसवलं. ती तिथं सुखी आहे असं मला वाटत नाही.

आणि एक रकाना मला कायमचा टोचायला लागला. व्यवसाय. आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत शेतकरी, नोकरी, धंदा, विद्यार्थी, गृहिणी आणि इतर, एवढंच. विड्या वळणारी बाई येते, तंबाखूची धूळ नाकातोंडात घेऊन तीस वर्षं हजाराच्या हिशेबानं विड्या वळलेली, आणि पोरगा टाकतो गृहिणी. धुळीत काम केल्याचा वेगळा कोड आहे, झेड ५७.२. पण तो लावणार कशाच्या जोरावर? कागदावर ती घरीच असते. सोलापुरात दमा-खोकल्याच्या किती बायका विडीच्या कामातल्या आहेत, हे आमच्या एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारलं तर तो शून्य सांगेल.

इतिहासाच्या धड्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल भेटली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. जीएनएमला असताना आम्ही हातात दिवा घेऊन तिच्या नावानं शपथ घेतली होती. दिवा तेवढा कळला. बाई आकडेवाल्या होत्या, हे कोणी सांगितलं नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या साथीच्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये पाकळ्यापाकळ्यांची आकृती काढून दाखवलं. पुढे हॉस्पिटलांवर लिहिताना तक्रारही केली की कुठल्याच हॉस्पिटलच्या नोंदी एकमेकांशी ताडून बघण्याजोग्या नाहीत. माझ्या तळघरातल्या रॅककडे बघून मला हसू आलं. बाई, या एकदा सोलापूरला.

गंमत ऐका. आरोग्यमाहितीच्या संगणकीकरणाचा अभ्यासक्रम, आणि गृहपाठ कसा द्यायचा? हातानं लिहून, पानं स्कॅन करून. चाळीस-चाळीस पानं. 'कागदी नोंदींचे तोटे' या प्रश्नाचं उत्तर मी निळ्या शाईच्या पेननं साडेतीन पानं लिहिलं.

संपर्कवर्ग पुण्यात, महिन्यातून एक शनिवार. पहाटे उठून डबा, मग हुतात्मा एक्सप्रेस. दुपारच्या तासाला सरांनी नावं जुळवण्याची एक जुनी रीत शिकवली, साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसानं १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय सोडून द्यायचे. उरलेल्या व्यंजनांना सहा गटांतले आकडे द्यायचे, लागून आलेली एकाच गटातली अक्षरं एकदाच धरायची, आणि तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर पुढं शून्य. उच्चार सारखा, तर कोड सारखा. सरांनी फळ्यावर स्मिथचीच दोन स्पेलिंगं काढून दाखवली. मी वहीत लक्ष्मी करून बघितलं. केएसएचनं लिहा नाहीतर एक्सनं, दोन्हीचं एल २५०. अंगावर काटा आला. वाटलं, सापडलं.

मग यल्लम्मा केलं. वाय ४५०. एल्लम्मा, ई ४५०.

मी हात वर केला. वर्गात बहुतेक पोरं माझ्या निम्म्या वयाची. म्हटलं, सर, पहिलंच अक्षर वेगळं असेल तर? सर म्हणाले, मग ही रीत तिथं फसते. असं फारसं होत नाही. म्हटलं, आमच्याकडे रोज होतं. त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाले, "ताई, प्रोजेक्टला विषय शोधत होता ना?"

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी नावं लिहीत सुटले. वाघमारे, एकदा डब्ल्यूनं, एकदा व्हीनं, झाले दोन माणसं. दौंड गेल्यावर लक्षात आलं की गाडीचंच नाव घेऊन बघावं. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, ते मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. मल्लप्पामध्ये एक एल कमी पडला तरी कोड तोच राहतो. श्रीकिसनही निभावतो. कुर्बान मात्र केनं लिहिला की एक, क्यूनं लिहिला की दुसरा. हे चौघं आज आमच्या काउंटरवर आले असते तर पोरानं काय काय टाइप केलं असतं, असा विचार करत कुर्डुवाडी गेली. एका गावात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं शेजारी राहतात आणि त्या सगळ्यांची नावं आम्ही चौथ्याच भाषेच्या, छे, पाचव्या भाषेच्या अक्षरांत कोंबतो.

प्रोजेक्टसाठी दवाखान्याची परवानगी घेतली. फक्त नाव, वय, लिंग, पत्ता आणि मोबाइल. आजाराचा रकाना मी स्वतःहून काढायला लावला, कारण तोवर खासगीपणाचा पेपर शिकून झाला होता. (त्या पेपरनंतर वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केसपेपरचे फोटो टाकणंही मी बंद केलं. मैत्रिणी म्हणाल्या, शहाणी झाली बे ही.) दोन महिने रोज रात्री यादीशी झटापट. एकच माणूस दोनदा आहे असं वाटलं की वहीत टिपायचं आणि दुसऱ्या दिवशी फाइल काढून खात्री करायची. वहीची पानं भरत गेली तसं कळलं, स्पेलिंग हा अर्धाच रोग. बाई माहेरच्या नावानं बाळंतपणाला येते, सासरच्या नावानं पित्ताशयाला. शेख कधी पुढं, कधी मागं. मोबाइल नंबर एक आणि त्यावर अख्खं घर, सासू, सून, दोन नातवंडं. आणि जन्मतारीख! मला वाटलं होतं तीच वाचवेल. पण आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजींनी नाव घालताना घातली तारीख. उरलेल्यांचा १ जानेवारी. मग मी नाव, लिंग, पेठ आणि वयात दोन-तीन वर्षांचं अंतर एवढं एकत्र धरून, वाय-ई, व्ही-डब्ल्यू, जे-झेड, के-क्यू या जोड्या एकच मानून यादी पुन्हा लावली, एक्सेलमध्येच. तेव्हा कुठं जोड्या दिसायला लागल्या.

कोणी म्हणेल, आता आभा नंबर, म्हणजे आरोग्याचा ओळख क्रमांक, आहे की. चौदा आकडी, २०२१ च्या सप्टेंबरपासून देशभर. आहे, आणि जिथं लागतो तिथं फार उपयोगाचा आहे. पण काउंटरवर आभा मागितलं की माणूस पाच लाखांचं योजनेचं कार्ड काढतो, आणि हे ते नव्हे म्हटलं की रागावतो. आमच्या जिल्ह्याला योजनांची सवय जुनी. २०१२ मध्ये जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होतं. कार्ड म्हणजे मोफत उपचार, हे डोक्यात पक्कं बसलंय. नुसती ओळख पटवणारं कार्ड कशाला, असंच लोक विचारतात.

मध्ये एक प्रसंग घडला, तो प्रोजेक्टमधला नाही. मृत्यूच्या कारणाचा दाखला, चार नंबरचा फॉर्म, आमच्याकडून महानगरपालिकेत जातो. त्यात वरून खाली ओळी असतात, शेवटचं कारण, ते कशामुळं, आणि तेही कशामुळं. बहुतेक दाखल्यांवर एकच ओळ, 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. वर्षानुवर्षं मी ते फाइलला लावत आले होते. अभ्यासात कळलं की ते कारणच नाही, मरण्याची रीत आहे. एक दाखला घेऊन मी आमच्या डॉक्टर सरांच्या केबिनपर्यंत गेले, दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा आत गेले.

"सिस्टर, माणूस मेला की हृदय बंद पडणारच ना?"

"हो सर. म्हणूनच त्यावरून काही कळत नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. वॉर्डात अकरा वर्षं मी त्यांना असं काही बोलले नव्हते. मग फॉर्म ओढून घेतला आणि लिहिलं. वर सेप्सिस, त्याखाली पायाचं गँगरीन, सगळ्यात खाली मधुमेह. पेन बंद करताना म्हणाले, "परीक्षा कधी आहे तुमची?"

परीक्षा घरून, ऑनलाइन, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको, नजर पडद्यावरून हलवायची नाही. मी वेळापत्रक बघून पाण्याचा दिवस टाळला होता. पण त्या आठवड्यात कुठंतरी जलवाहिनी फुटली आणि पाळी सरकली. पेपरला चाळीस मिनिटं झाली असताना गल्लीतून हाळी आली, "पाणी आलं ओऽऽ!" सासूबाई कॅमेऱ्यासमोरून घागर घेऊन गेल्या. मागून आमचे हे पाइप घेऊन. पडद्यावर लाल पट्टी, 'खोलीत अन्य व्यक्ती आढळली'. मी खाली बघून पेपर सोडवत राहिले. निकाल दोन महिने रोखून ठेवला. संस्थेच्या मदत क्रमांकावर प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, नळाला रोज पाणी येत नाही म्हणून. दिल्लीकडच्या एका मुलीनं विचारलं, "पण मॅडम, नळ नंतर का नाही सोडला?" शेवटी पास केलं. किती मार्क ते विचारू नका, प्रोजेक्टला चांगले होते.

सर्टिफिकेट आलं, पगार हजार-दीड हजारानं वाढला, पदाचं नाव बदललं, तळघर तेच राहिलं. सॉफ्टवेअरवाल्यांना मी सांगितलं, शोधताना या जोड्या एक धरा. ते म्हणाले, चेंज रिक्वेस्ट टाका, वेगळे पैसे पडतील. मॅनेजमेंट म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष येऊन गेलं.

तोवर मी काय केलं, तर एक तक्ता. ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात, 'नाव सापडत नसेल तर नाही म्हणू नका, असं शोधा', आणि खाली जोड्या. यल्लम्मा-एल्लम्मा पहिल्याच ओळीत. लॅमिनेट करून काउंटरच्या आतल्या बाजूला, कीबोर्डच्या वर चिकटवला. पहिला महिना कोणी बघितला नाही. एका पोरानं त्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली, त्याचं गोल वर्तुळ अजून आहे.

परवा रात्रपाळीचं रजिस्टर आणायला वर गेले होते. तक्त्याच्या खाली, लॅमिनेशनच्या बाहेर, पांढऱ्या टेपच्या तुकड्यावर बॉलपेननं एक ओळ वाढलेली दिसली. 'ज्ञानेश्वर. डीएन करा, जीवाय पण करा.' अक्षर माझं नव्हतं. ही जोडी माझ्या यादीत नव्हतीच. खाली येऊन कोड काढून बघितला. डी ५५२ आणि जी ५२६. पहिला पाच सोडला तर एकही आकडा जागेवर जुळत नाही.